पानाचा हट्ट

ई-बुकाचा मी बरीच वर्षं मनापासून राग केला. त्या रागाला कारणं होती, अभ्यास होता, आणि म्हणूनच तो जायला इतका वेळ लागला.

मी छपाईतला माणूस. जुन्या नाशकातल्या एका लहान छापखान्यात खिळे जुळवण्यापासून माझी सुरुवात झाली. पुढे ऑफसेट आलं, डीटीपी आलं, आणि मी त्यांच्याबरोबर चालत राहिलो. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, दिवाळी अंक, कवितासंग्रह असं सगळं हाताखालून गेलं. यंत्रं बदलली तरी एक समजूत कायम राहिली, की पुस्तक म्हणजे पान. समास किती सोडायचा, पानावर ओळी किती, मथळ्याखाली मोकळी जागा किती, परिच्छेदाची शेवटची ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर एकटीच पडते आहे का, यावर आम्ही तासन्‌तास भांडायचो. वाचणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त वाचायला बरं वाटतं. त्या बरं वाटण्यासाठी आम्ही राबत होतो.

ईपब नावाच्या फाइलमध्ये यातलं काही नसतं. ती उघडून पाहिली तर आत वेबपानांसारख्या लहान लहान फाइली, एक अनुक्रमणिका आणि सगळ्याची एक यादी, हे सारं एका झिपमध्ये बांधलेलं. मजकूर वाहता. रुंदी वाचणाऱ्याचा फोन ठरवतो, अक्षराचा आकार वाचणाऱ्याचं बोट ठरवतं, ओळ कुठेही मोडते. आम्ही ज्याच्यावर आयुष्य घालवलं ते पानच तिथे उरत नाही. मी म्हणायचो, हे पुस्तक नाही, हा पुस्तकाचा चुरा आहे. समोरचा गप्प बसला की मला वाटायचं, त्याला पटलं.

दुसरं कारण अधिक खरं होतं आणि त्यावर मी आजही ठाम आहे. हयात लेखकांची, नुकती आलेली पुस्तकं कुणीतरी फोनवर पानापानाचे फोटो काढून पीडीएफ करतं आणि ती फाइल ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरते. लहान प्रकाशकाची एक आवृत्ती खपायला वर्षं लागतात, त्यात हे. ती चोरी आहे, आणि 'वाचनसंस्कृती' असं नाव देऊन तिचं काही होत नाही. पण या योग्य रागाच्या आडोशाला मी दुसरा, अयोग्य राग पोसला. कुणीही पुस्तक पडद्यावर आणतो म्हटलं की मी दोन्ही राग एकत्र करून बोलायचो.

बाईंनी पुस्तक मागितलं तेव्हा मी असा होतो.

बाई म्हणजे आमच्या पंचवटीतल्या शाळेच्या मराठीच्या बाई. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे त्यांच्या घरच्या पत्रिका छापणारा, आणि म्हातारपणी त्यांच्याकडे गप्पा मारायला जाणारा. सार्वजनिक वाचनालयाच्या, आमच्या सावानाच्या, त्या जुन्या सभासद. १८४० सालापासून चालत आलेल्या त्या वाचनालयात पुस्तक बदलायला जाणं हा त्यांच्या आठवड्यातला ठरलेला कार्यक्रम होता. मग काचबिंदूने नजर कडेकडेने आत येत गेली. आधी पेपर बंद झाला, मग पुस्तकं, शेवटी माणसांचे चेहरे. नातीने फोनमध्ये टॉकबॅक चालू करून दिला. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते फोन बोलून दाखवतो. बाई चिकाटीने ते शिकल्या. फोन लावणं, निरोप ऐकणं, बातम्या ऐकणं त्यांना जमायला लागलं.

त्यांना 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायचं होतं, आणि तेही जुन्या आवृत्तीतलं, लहानपणी माहेरी वाचलेलं. आमच्या भागात या पुस्तकाबद्दल वेगळीच माया आहे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली जन्मल्या त्या नाशिकजवळच्या गोदाकाठच्या जलालपूरला, आणि १९३६ साली वारल्या त्या नाशकातच. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत त्यांचं हे आत्मचरित्र आलं. शेवटचा भाग निघाला तेव्हा त्या नव्हत्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे जुन्या मूळ मजकुरावर आता कुणाचा हक्क नाही. माझ्या चोरीच्या आक्षेपाला इथे जागा नव्हती.

जुनी आवृत्ती एका संकेतस्थळावर पाहायला मिळाली. एका वेळी एक पान पडद्यावर यायचं, पूर्ण फाइल उतरवून घ्यायची सोय नव्हती. मी एकेक पान उघडून त्याचे स्क्रीनशॉट घेतले. ते काम मी जीव लावून केलं. वरचं घड्याळ आणि कडेच्या पट्ट्या कापल्या, तिरकी पानं सरळ केली, पिवळट पार्श्वभूमी उजळली. फाइलींना नावं देताना सुरुवातीला शून्यं लावली, नाहीतर कॉम्प्युटर एकनंतर दहा घेतो आणि दोनचा नंबर एकोणिसाच्या मागे लागतो. सगळी चित्रं एकापाठोपाठ लावून पीडीएफ केली. समास सारखे, मूळची अक्षरं जशीच्या तशी, तुटलेली मात्रासुद्धा तुटलेलीच. ई-बुक करायचंच तर असं करावं, पानाचा मान राखून, असं मला वाटलं. फाइल बाईंच्या फोनवर पाठवली आणि निश्चिंत झालो.

काही दिवसांनी गेलो. पुस्तक कसं वाटलं, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "अरे, सुरुवातीला कोरी पानं फार आहेत का रे?"

मला कळेना. त्यांनी फोन हातात घेतला, फाइल उघडली आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, पान एक. मग काही नाही. त्यांनी पान उलटलं. पान दोन. काही नाही. पान तीन. त्या मला समजावून सांगू लागल्या, की जुन्या पुस्तकांत आधी अर्पणपत्रिका असते, प्रस्तावना असते, मध्ये पांढरी पानं सोडलेली असतात, म्हणून त्या पुढे पुढे जात राहिल्या. कुठेतरी मजकूर सुरू होईल. बरीच आत गेल्यावर वाटलं आपल्याच बोटाचं काही चुकतंय, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. हे त्यांनी एकदा केलं नव्हतं. रोज रात्री केलं होतं. नातीला विचारलं नाही, कारण तिची परीक्षा होती. मला फोन केला नाही, कारण मी एवढे कष्ट घेऊन पाठवलेलं, त्यात लगेच खोट काढायची म्हणजे बरं दिसत नाही.

त्या फाइलमधल्या प्रत्येक पानावर लक्ष्मीबाईंचे शब्द होते, आणि फोनच्या लेखी तिथे एकही शब्द नव्हता. चित्र म्हणजे ठिपक्यांचा समूह. हा काळा, हा पांढरा, हा करडा. त्या ठिपक्यांतून 'क' घडतो तो पाहणाऱ्याच्या डोक्यात. फाइलमध्ये 'क' कुठेच नसतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. डीटीपीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला चित्र आणि मजकूर यांतला फरक ठाऊक असतो. गिऱ्हाइकाने मजकूर म्हणून फोटो पाठवला की आम्हीच त्याला सांगायचो, हा पुन्हा टाइप करावा लागेल. बाईंना दिसत नाही हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी माहीत असून मी त्या एकमेकींशेजारी ठेवल्याच नाहीत. पुस्तक तयार करताना वाचणारी म्हणून मी बाईंना डोळ्यांसमोर आणलंच नव्हतं. मी स्वतःला आणलं होतं. समास बाईंसाठी सारखे केलेले नव्हते.

याची बोचणी आजही आहे. ज्या पानाचा मी एवढा कैवार घेत होतो, ते पान म्हणजे माझे डोळे. माझ्या डोळ्यांना जे सुखावतं त्याला मी पुस्तकाचा धर्म म्हणत होतो.

तरी त्या दिवशीही मी पूर्ण वाकलो नाही. मी म्हणालो, "बाई, मी येत जाईन आणि वाचून दाखवीन. नाहीतर माझ्या आवाजात रेकॉर्ड करून देतो." मला हा चांगला तोडगा वाटला. पान शाबूत, पुस्तकही पोचलं.

बाईंनी मान हलवली. "तू वाचशील तेव्हा मी ऐकायचं. मला पहाटे तीनला जाग येते, तेव्हा तू कुठे? आणि एखादं वाक्य आवडलं तर मला पुन्हा तिथेच जायचं असतं, चार पानं मागे जाऊन आधी काय म्हटलं होतं ते ताडून पाहायचं असतं. शब्द अडला तर एकेक अक्षर सुटं करून बघायचं असतं. तुझं ऐकणं म्हणजे कीर्तनाला बसणं झालं. मला वाचायचंय रे."

माझ्या हट्टाला खरा तडा त्या शेवटच्या वाक्याने गेला. वाचन म्हणजे मर्जीनुसार थांबणं, मागे जाणं, उडी मारणं, रेंगाळणं. मी छापलेल्या प्रत्येक पुस्तकाने डोळस वाचकाला हे दिलं होतं, आणि ते समासामुळे मिळतं अशी माझी समजूत होती. समास नसलेल्या वाहत्या मजकुरात फोन शब्द ओळखतो, अक्षर ओळखतो, प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारतो, शोध म्हटलं की शोधतो. बाईंना हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी त्या 'चुऱ्यात' होत्या आणि माझ्या नेटक्या पानात एकही नव्हती.

मग मी कामाला लागलो, आणि चित्रातून अक्षर काढणं किती अवघड आहे ते समजलं. यासाठी टेसरॅक्ट नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळात ते घडलं, २००५ साली सर्वांसाठी खुलं झालं, पुढे गूगलने ते वाढवलं. मराठीही त्याला येते. पण त्याला चांगलं चित्र लागतं, निदान ३०० डीपीआय. माझे स्क्रीनशॉट पडद्याच्या मापाचे. पूर्ण पान एका पडद्यात मावलं की अक्षरं इतकी बारीक होतात, की अनुस्वार म्हणजे दोन-तीन ठिपके. त्यात मी काही पानं आधी व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे केली होती. त्या दाबादाबीत ते ठिपकेही पुसट झाले होते. शेवटी सगळी पानं नव्याने घेतली. मूळ पान मोठं करून, अर्धं अर्धं, आणि पीएनजीमध्ये, म्हणजे काही गळत नाही. पहिल्या वेळी उजळपणा वाढवून मी जी पानं देखणी केली होती, त्यांत पुसट मात्रा उजेडात विरघळल्या होत्या. डोळ्याला सुंदर दिसणारं पान यंत्राला निकामी ठरलं.

निघालेला मजकूर पाहून छापखान्यातले दिवस आठवले. खिळ्यांच्या छपाईत हजार प्रती काढता काढता वरची मात्रा उडायची, रफार मोडायचा, आणि पुढच्या प्रती तशाच निघायच्या. इथेही तेच. 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म', 'थ'चा 'य', 'ख'चे दोन तुकडे होऊन 'रव'. 'ळ' कधी 'ल' झाला. 'दुसऱ्या'मधला आपला खास अर्धा 'र' तर यंत्राला कोडंच. अर्थ लागत नाही अशी चूक लगेच सापडते. पण 'घडा'चा 'धडा' झाला, 'भात'चा 'मात' झाला, तर शब्द शुद्धच राहतो, फक्त लेखिकेचा राहत नाही. तिथे शुद्धिचिकित्सा करणारं सॉफ्टवेअरही गप्प बसतं.

मुद्रितशोधन मला नवीन नव्हतं. मी एकेक पान पडद्यावर मूळ चित्राशेजारी ठेवून तपासलं, आपल्या नजरेवर विश्वास ठेवून. मग पहिली काही प्रकरणं बाईंना पाठवली. दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन. "अरे, इथे 'माऊ' काय म्हणतोय? कोणाची माऊ?" मी पाहिलं. 'भाऊ'चा 'माऊ' झाला होता आणि मी त्यावरून दोनदा गेलो होतो. सरावलेला डोळा जे असायला हवं तेच वाचतो. बाईंचा फोन जे आहे तेच बोलत होता, आणि बाई जे आहे तेच ऐकत होत्या. त्या दिवसापासून चुका त्याच जास्त काढू लागल्या.

पूर्वी छापखान्यात अशीच पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रूफ हातात धरायचं. ती पद्धत कधी बंद पडली मला आठवतही नाही. आम्ही ती पुन्हा सुरू केली. बाईंचा फोन बोलायचा, मी मूळ चित्रावर बोट ठेवून बसायचो. नव्वदीकडे झुकलेल्या, दिसत नसलेल्या बाई माझ्या मुद्रितशोधक झाल्या, आणि आयुष्यात मला मिळालेल्या मुद्रितशोधकांत त्या सर्वांत कडक होत्या. वर्गातही त्या तशाच होत्या.

या कामात एक वाद झाला, तो सांगायलाच हवा. जुन्या पुस्तकात जुनं लेखन, 'घरांत', 'करणें', 'त्यांनीं', असं अनुस्वारांनी भरलेलं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ साली आणखी चार, आणि उच्चारात नसलेले ते अनुस्वार गेले. पण फोनला हा इतिहास माहीत नाही. त्याला टिंब दिसलं की तो नाकात बोलतो. 'करणें'चं 'करणेन'सारखं काहीतरी ऐकू येतं, आणि एका वाक्यात असे पाच शब्द आले की ऐकणारा दमतो. मी म्हणालो, मूळ प्रतीत आहे ते हलवायचं नाही. बाई म्हणाल्या, "लक्ष्मीबाई काय नाकात बोलायच्या? टिंब वाचायचं नाही हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुझा फोन वाचतो, म्हणजे तूच मूळ बदललंस." मला उत्तर सुचलं नाही. कागदावर जे मूळबरहुकूम, ते कानाला मूळबरहुकूम असेलच असं नाही. शेवटी दोन प्रती केल्या. एक जुन्या लेखनाची, पाहणाऱ्यांसाठी. दुसरी ऐकण्याची, तिच्यातून अनुच्चारित अनुस्वार काढले आणि ते काढल्याचं सुरुवातीलाच नमूद केलं. शब्द एकही बदलला नाही.

मूळ म्हणजे काय, हा प्रश्न मला त्यानंतर बराच काळ पुरला. गोदावरीच्याच काठावर, पैठणला, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले होते. नाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ सरळ केला, आणि यात कुणी आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत अशी ताकीदही लिहून ठेवली. पुढे ती ज्ञानेश्वरी खिळ्यांत आली, मग ऑफसेटवर, मग पडद्यावर. प्रत्येक वेळी कुणीतरी जुन्या रूपाशेजारी बसून नवं रूप अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मी ज्याला मूळ पान म्हणत होतो तेही लक्ष्मीबाईंच्या हस्ताक्षरावरून कुणा कंपोझिटरने जुळवलेलंच होतं. माझ्या धंद्यातल्याच माणसाने केलेलं रूपांतर मला पवित्र वाटत होतं, आणि पुढचं रूपांतर भ्रष्ट.

आमच्या नाशिकरोडच्या मुद्रणालयात नोटा छापल्या जातात. पाचशेच्या नोटेवर उंचावलेलं एक वर्तुळ असतं आणि दोन्ही कडांना पाच तिरप्या रेषा. शंभराच्या नोटेवर त्रिकोण आणि चार रेषा. ती खूण बोटांसाठी आहे. बाई नोट हातात घेऊन अंगठा फिरवतात आणि रक्कम सांगतात. ही खूण मला छपाईतला माणूस म्हणून तोंडपाठ होती, उठावाची छपाई कशी करतात हेही मी लोकांना कौतुकाने सांगायचो. छापलेली वस्तू न पाहणाऱ्याच्याही हातात पडते हे माझ्याच गावच्या छपाईत कोरलेलं होतं, आणि मी त्यातून पुस्तकासाठी काही शिकलो नाही.

कायद्याच्या बाबतीतही मी अर्धंच वाचलं होतं. कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न घेता, पुस्तक तिला वापरता येईल अशा रूपात आणून तिला देणं हे त्या दुरुस्तीनुसार उल्लंघन ठरत नाही, हक्क शिल्लक असलेल्या पुस्तकाच्या बाबतीतही. दृष्टिबाधितांसाठी पुस्तकांची वाट मोकळी करणारा माराकेश करार २०१३ साली झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही आहे. मी मात्र 'पडद्यावर पुस्तक म्हणजे चोरी' हे एकच वाक्य सगळीकडे चालवत होतो. हयात लेखकाची फाइल ग्रुपवर फिरवणं आणि न दिसणाऱ्या वाचकासाठी तीच पानं बोलती करणं, या दोन कृत्यांना मी एकच शिवी दिली. दुसऱ्या कृत्यात गुंतलेल्या कुणाला माझ्यामुळे संकोच वाटला असेल, तर तो माझा अपराध आहे.

पुस्तक बांधताना मला पुन्हा माझं काम सापडलं, हे मात्र आनंदाने सांगतो. ईपब जुळवायला कॅलिबर आणि सिजिल ही मोफत सॉफ्टवेअर आहेत. कॅलिबर तर कोविद गोयल या आपल्या देशातल्या माणसाने २००६ साली सुरू केलेलं. प्रकरणाच्या नावाला नुसतं ठळक करून भागत नाही, ते मथळा आहे असं फाइलला सांगावं लागतं. तेव्हाच बाईंचं बोट एका फटक्यात पुढच्या प्रकरणावर जातं. भाषेच्या रकान्यात मराठी अशी नोंद करावी लागते, नाहीतर फोन हिंदी आवाज लावण्याची शक्यता असते आणि त्या आवाजात आपले दोन्ही 'च' एकच होतात. छापील पानांचे आकडेही आत अदृश्य खुणांनी ठेवता येतात. ते ठेवले तेव्हा बाईंना फार बरं वाटलं. त्यांच्या जुन्या मैत्रिणीकडे तीच छापील आवृत्ती आहे, आणि आता फोनवर दोघी पान सांगून बोलतात. समास गेले, पण रचना गेली नाही. ती न दिसणाऱ्या जागी गेली, आणि तिथेही तिला हात लावणारा कारागीर लागतो. हाच मजकूर माझी बायकोही वाचते, अक्षर मोठं करून, डावीउजवीकडे न सरकवता.

एका बाबतीत मात्र मी अजून मागे हटलेलो नाही. पुस्तकात मध्ये मध्ये कविता येतात. यंत्र त्यांच्या ओळी सलग गद्यासारख्या जोडून टाकतं, आणि लहान पडद्यावर लांब ओळ मोडून दुसरीच ओळ असल्यासारखी दिसते. तिथे मी प्रत्येक ओळ हाताने वेगळी केली, मोडली तर पुढचा भाग आत सरकेल अशी सोय केली. बाई म्हणाल्या, ओळ संपली की आवाजही थांबायला हवा, आत्ता तो धावतोच आहे. ओळीच्या शेवटी विरामचिन्ह घातलं तर फोन थांबतो, पण ते चिन्ह मूळ कवितेत नाही. नुसती ओळ मोडून काही आवाज थांबतात, काही थांबत नाहीत. पहिल्या भागात आम्ही चिन्ह घातलेलं नाही. दुसऱ्या भागाची पानं घेऊन झाली आहेत, आणि त्यातल्या पहिल्या कवितेपाशी आम्ही अडलो आहोत. बाई म्हणतात घालू या, मी म्हणतो नको.